चौथ्या डाउनला येणारा माणूस

अमेरिकन फुटबॉल मला फारसा आवडत नाही. धडाधड टक्कर, शिट्टी, जाहिराती, पुन्हा टक्कर. पण सिअ‍ॅटलमध्ये राहायचं तर रविवारी इथल्या सीहॉक्स संघापासून सुटका नसते. त्यांचा पंटर मायकल डिक्सन मैदानात उतरला की मात्र मी सरसावून बसते. आयपीएलच्या टाइमआउटला उठावं तशी बाकीची मंडळी नेमकी तेव्हाच चिप्स आणायला उठतात.

त्यांचंही खरं आहे म्हणा. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार डाउन, म्हणजे चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की बहुतेकदा चौथ्या वेळी पंटर येतो आणि लाथेने चेंडू लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकतो. तो दिसला म्हणजे आपलं काही जमलेलं नाही! त्यातही नुसती ताकद कामाची नाही. चेंडू चार-साडेचार सेकंद हवेत राहिला, तर आपले गडी धावत तिथवर पोचतात. जास्तच लांब जाऊन एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पडला, तर समोरच्यांना थेट 20 यार्डांवरून सुरुवात मिळते.

डिक्सन मूळचा सिडनीचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये पळता पळता लंबगोल चेंडू हवा तिथे मारायची सवय पोरांना लहानपणीच लागते. 1995 मध्ये डॅरेन बेनेट तीच कला घेऊन सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळू लागला आणि पुढच्यांना वाट दिसली. डिक्सनला तिकडच्या लीगमध्ये कुणी घेतलं नाही. मग मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलियामार्फत तो टेक्सास विद्यापीठात आला. 2017 च्या टेक्सास बोल या कॉलेज संघांच्या सामन्यात सामनावीर ठरला तो हा पंटर! 2018 मध्ये सीहॉक्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पाचव्या फेरीत निवडलं आणि पहिल्याच मोसमात तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात गणला गेला.

त्याच मोसमात डेट्रॉइटविरुद्ध त्याला स्वतःच्याच एंड झोनमध्ये थांबून समोरच्यांना मुद्दाम दोन गुण देऊन टाकायला सांगितलं होतं. पठ्ठ्या चेंडू घेऊन पळाला आणि फर्स्ट डाउन, म्हणजे नव्या चार संधी मिळवून आला. प्रशिक्षकाच्या चेहऱ्याची कल्पना करा.

एवढं असूनही पंटरला मान मिळतो तो उशिराच. रेडर्स संघाचा पंटर रे गाय 1973 मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला, 1986 पर्यंत खेळला, तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने जिंकला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं 2014 मध्ये. केवळ पंटर म्हणून तिथे गेलेला तो पहिलाच. चढाईचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक असता तर एवढी वाट पाहावी लागली असती का?

डिक्सन कोण हे बघायचं असेल तर ऑक्टोबर 2021 चा रॅम्सविरुद्धचा पंट शोधा. पहिली किक अडवली गेली. घरंगळणारा चेंडू त्याने उचलला, उजवीकडे पळाला आणि पुन्हा लाथ हाणली. 68 यार्ड! हे नियमात बसतं का, यावर आमच्याकडे बराच वेळ वाद चालला. बसतं. सामना मात्र रॅम्सनीच जिंकला.