गळ्यातला दुपट्टा आणि इस्त्रीचा शर्ट

हिंगणघाट परिसरात कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि त्याआधी, दसऱ्याच्या अलीकडे, आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, इलेक्ट्रिशियन व फिटर यांच्या मुलाखती होतात. गेली काही वर्षे त्या मी घेतो. उमेदवाराच्या कपड्यांकडे बघूच नये, असे हल्ली पुष्कळ जण म्हणतात. मला वाटते, बघावे. मात्र आपण नेमके काय बघतो आहोत, हे बघणाऱ्याला ठाऊक असावे.

ते ठाऊक नसलेल्या माणसापुढे मी स्वतः बसलेलो आहे. आयटीआय झाल्यावर नागपूरजवळच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा जुलै महिना होता. आमच्या गावाहून फाट्यापर्यंत डांबरी रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यातली काळी माती पायातून चप्पल कशी ओढून घेते, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. एसटीत चढण्यापूर्वी हातपंपावर पाय धुतले, तरी पॅन्टचा खालचा वीतभर भाग चिखलाचाच राहिला. साहेबांनी एकदा खाली पाहिले, वडील काय करतात ते विचारले आणि "कळवतो" म्हणाले. मोटरविषयी एकही प्रश्न आला नाही. माझ्याविषयी त्यांना एवढेच कळले असावे, की याच्या गावाला रस्ता नाही.

जिनिंगमध्ये माणसाला पट्टे, शाफ्ट आणि रोलर यांच्या जवळून वावरावे लागते. उन्हापासून डोके वाचवणारा दुपट्टा आमच्याकडे बहुतेकांच्या गळ्यात असतो, आणि मे महिन्यात त्याला नावे ठेवण्याची माझी हिंमत नाही. पण फिरत्या शाफ्टजवळ त्याचाच फास होतो. शहरी मुलाखतीतला टायही तिथे तितकाच घातक ठरेल. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगणाचे काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, ही अट 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 22 मध्ये घातली गेली आणि ते कपडे पुरवण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली गेली. यातला दुसरा भाग आमच्या धंद्यात सोयीस्करपणे विसरला जातो. विजेच्या कामात तर हातातले कडे आणि अंगठी आधी उतरवावी लागते, आणि मुलाखतीसाठी हौसेने शिवलेला टेरिलिनचा चकचकीत शर्ट मोठी ठिणगी उडाल्यास वितळून कातडीला चिकटतो. जुना, विटलेला सुती शर्ट त्यापेक्षा बरा.

म्हणून मी आता खुर्चीवरच्या गप्पा थोडक्यात आटोपतो आणि उमेदवाराला मोटर सुरू करणाऱ्या, मुद्दाम बिघडवलेल्या स्टार-डेल्टा स्टार्टरपुढे उभे करतो. मागे एकदा मानेपर्यंत वाढवलेले, तांबूस रंगवलेले केस आणि कानात बाळी असा एक मुलगा आला होता. खरे सांगायचे तर त्याला पाहताच माझ्याही कपाळावर आठी उमटली. त्याने काही न विचारता कडे काढून खिशात ठेवले, केस टोपीत कोंबले, मेन स्विच बंद करून फ्यूज काढले आणि तेही खिशात टाकले, म्हणजे मागून येऊन कोणी ते बसवू शकणार नाही. मग वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प स्वतः नीट आहे ना, हे आधी दुसऱ्या चालू लाइनवर पेटवून पाहिले आणि त्यानंतरच तो स्टार्टरला लावला. बिघाड सापडायला त्याला वीस मिनिटे लागली, पण माझा निर्णय पहिल्या तीन मिनिटांतच झाला होता. त्याच दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला मुलगाही कामाला पक्का निघाला आणि त्यालाही घेतले; नाहीतर ही हकीकत फारच गोड झाली असती.

बाहेरचे व्यापारी येतात तेव्हा ते रंगीत केस बरे दिसत नाहीत, अशी मालकांची तक्रार होती. व्यापारी रुई बघायला येतात, असे मी त्यांना सांगितले. ते हसले नाहीत, पण विषय तिथेच थांबला.

यंदाच्या सूचनेत मी दोन ओळी वाढवल्या आहेत. सुती कपडे आणि बंद बूट घालून यावे, बूट नसल्यास स्टोअरमधून मिळतील. आणि पाय धुण्यासाठी नळ गेटजवळच आहे.