त्या ठिपक्याचं रोज काय मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सक्रिय दीर्घिकांची (ज्यांचं केंद्रक, म्हणजे अगदी मधला भाग, प्रचंड उजळ असतो अशांची) तेजस्विता मोजते म्हटलं की हा प्रश्न येतोच: "दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो ना? मग रोज रोज मोजायचं काय?"

त्याचा उजेड कमीजास्त होतो, ते मोजायचं. ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्रक, ताऱ्यासारखाच दिसतो. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या, तांबड्याकडे सरकलेल्या हायड्रोजनच्या रेषा ओळखल्या आणि त्या सरकण्यावरून तो दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर निघाला. त्याच वर्षी जुन्या फोटोप्लेटा तपासल्या, तर त्याचं तेज बदलत आलेलं! आता बघा, एक प्रकाशवर्ष रुंदीची वस्तू एकदम उजळली, तरी तिच्या मागच्या कडेचा उजेड पुढच्या कडेपेक्षा वर्षभर उशिरा पोचणार. म्हणजे जे आठवड्याभरात ठळक बदलतं, ते साधारण एका प्रकाश-आठवड्याहून मोठं नसतं. (काही केंद्रकांतून सुटणारे कणांचे झोत थेट आपल्यावर रोखलेले असतात, त्यांचं गणित थोडं वेगळं.) दीर्घिका लाखभर प्रकाशवर्षं पसरलेली, आणि तिच्यावर मात करणारा उजेड एवढ्याशा जागेतून! कृष्णविवरात पडता पडता तापलेल्या वायूशिवाय तो देणार कोण?

मोजणी मात्र चिवट काम. आकाशात पातळ ढग आला तर सगळंच मंदावतं, म्हणून त्याच फोटोतल्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करायची. एकदा सलग तीन रात्री मी मोजत होते ते केंद्रक उजळत गेलं. मी हरखून गेले. मग ताऱ्यांची रुंदी पाहिली: हवा अस्थिर झाली होती. ताऱ्याचा प्रकाश पसरून, फोटोतल्या ज्या वर्तुळातला उजेड मोजतो त्याच्या बाहेर सांडत होता. दीर्घिका मुळातच पसरलेली, तिचा तेवढा सांडत नव्हता, म्हणून ताऱ्यांच्या तुलनेत तीच उजळलेली दिसली. उजळलं काहीच नव्हतं. त्या तीन नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत.

सगळ्यात आवडतं ते एनजीसी ५५४८ सारख्या दीर्घिकांमध्ये दिसतं. आधी केंद्रक उजळतं. भोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या वर्णपटातल्या रेषा काही दिवसांनी, कधी तीनेक आठवड्यांनी उजळतात. प्रकाशाला तिथवर जायला तेवढा वेळ लागतो. त्या उशिरावरून अंतर कळतं, रेषांच्या रुंदीवरून वेग, आणि दोन्हींवरून कृष्णविवराचं वस्तुमान. या दीर्घिकेत ते काही कोटी सूर्यांइतकं भरतं. ज्याला कुठल्याही दुर्बिणीतून वेगळं पाहता आलेलं नाही, त्याचं वजन!

म्हणून केंद्रक उजळलं, आणि तुलनेचे तारे, हवा सगळं तपासूनही उजळलेलंच राहिलं, की पुढचे तीन आठवडे मला ढग नको असतात.