तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्सुलेटच्या शिपायाचा पगार मी का वाचतो

"इतिहासच वाचायचा तर लढाया वाचा, तह वाचा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कॉन्सुलेटांचे पगार आणि किरकोळ खर्च वाचून तुम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न मला वाचनालयात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि आमच्या घरातही विचारला जातो. इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आता नीट उत्तर देतो.

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. देयक समोर आलं की आधी लेखाशीर्ष बघायचं. रक्कम किती हे नंतर, ती कुणाच्या खात्यातून जाणार हे पहिलं. ही सवय सुटावी असं मला वाटत नाही, कारण राज्य कुणाच्या जिवावर चाललं होतं हे तिथेच कळतं.

इराणच्या आखातातलं बंदर बुशहर. तिथली रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, 1763 पासूनची. 1873 पर्यंत ती मुंबई सरकारच्या हाताखाली होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर 1841 मध्ये मुंबईच्या फौजेतला अधिकारी हॅमरटन गेला. राणीचा कॉन्सल, म्हणजे परदेशातला वकील, तोच, आणि कंपनीचा राजकीय प्रतिनिधीही तोच. म्हणजे मान लंडनचा, पण खर्चाचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर, आणि तो महसूल यायचा मुख्यतः शेतसारा, अफू आणि मिठातून. कॉन्सलच्या खाली मुन्शी, दुभाषे, कारकून, शिपाई. बुशहरला पहाऱ्यावर हिंदी शिपाई. आखातातल्या लहान बंदरांत तर गोरा अधिकारी ठेवणं परवडत नाही म्हणून व्यापाऱ्यांनाच 'नेटिव्ह एजंट' नेमायचे. पगार तुटपुंजा, बाकी त्यांनी आपल्या व्यापारातून भागवायचं. ही माणसं नसती तर ती कचेरी एक दिवस चालली नसती. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र कॉन्सलचं नाव असतं, यांचं नसतं. पगारपत्रकात असतं. मी वाचतो ते त्यासाठी.

तरीही तुम्ही म्हणाल, यात जीव गुंतवण्यासारखं काय? मग डॉक्टर अब्दुर रझ्झाक यांच्याबद्दल ऐका.

हजला जाणारे हिंदी यात्रेकरू बहुतेक मुंबईहूनच जहाजावर चढायचे आणि जेद्दाला उतरायचे. जेद्दाला इंग्रज कॉन्सल होता, पण तो मक्केत पाऊल टाकू शकत नव्हता. मुसलमान नसलेल्याला तिथे प्रवेशच नाही. इकडे पटकीची भीती, गर्दीने भरलेली जहाजं, आणि परतीच्या भाड्याला पैसे न उरल्याने बंदरात अडकून पडलेली गरीब माणसं. या सगळ्याची माहिती हिंदुस्थान सरकारला हवी होती. म्हणून 1878 मध्ये सरकारी नोकरीतल्या या डॉक्टरांना यात्रेकरूंबरोबर पाठवलं. 1882 मध्ये ते जेद्दाचे व्हाइस कॉन्सल झाले. पगार हिंदुस्थान सरकारचा.

पुढची तेरा वर्षं ते तिथेच होते. वरचे कॉन्सल येत गेले, जात गेले, हे व्हाइस कॉन्सलच राहिले. मक्केत कोण आजारी आहे, कोण लुटलं गेलंय, कुणाकडे परतीचं भाडं नाही, हे कळायचं ते यांच्यामार्फत. नादार यात्रेकरूंना परत आणायचा खर्च कुणी सोसायचा हा वाद वर्षानुवर्षं चालला. परतीचं तिकीट आधीच काढायची सक्ती करावी, तर धर्मात ढवळाढवळ केल्याचा बोभाटा होईल, ही सरकारची धास्ती. ती सक्ती व्हायला 1920चं दशक उजाडलं.

जेद्दावर तेव्हा तुर्कांची सत्ता होती. तुर्की सरकारच्या क्वारंटाइनवर, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रांवर लोकांचा राग होता. 30 मे 1895 रोजी जेद्दाच्या तटाबाहेर बदाऊनींनी, म्हणजे वाळवंटातल्या अरब टोळीवाल्यांनी, कॉन्सल मंडळींवर गोळीबार केला. इंग्रज कॉन्सल जखमी झाला, रशियाच्या आणि फ्रान्सच्या कचेऱ्यांतली माणसंही जखमी झाली. डॉक्टर रझ्झाक जागीच गेले.

आता माझ्या सवयीने मी विचारतो, हे मरण कुणाच्या खात्यात टाकायचं? ज्या क्वारंटाइनवर राग होता त्यासाठी सगळ्या युरोपचा तगादा होता. पाटी इंग्लंडची होती, माणूस हिंदुस्थानचा, पगार आपल्या रयतेचा. हे वाचलं त्या रात्री मी जेवलो नाही. भावनेच्या भरात सांगत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

योगायोग असा की त्याच 1895 साली वेल्बी आयोग नेमला गेला. दोन्ही देशांच्या हिताच्या कामांचा खर्च इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात कसा वाटायचा, हा त्याच्यापुढचा एक प्रश्न. दादाभाई त्याचे सदस्य होते. 1897 मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने गोखल्यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. इकडे दुष्काळ आणि प्लेग, आणि हा तिशीतला माणूस लंडनमध्ये आकड्यांवर आकडे मांडत होता. तुम्ही ज्याला रुक्ष म्हणता ते हे. मला त्यात लढाच दिसतो.

पण "म्हणजे लूटच ना?" असं कुणी म्हणालं की मी अडतो. एके काळी मीच तसं ठणकावून लिहिलं होतं, आणि त्याला आधारही होता. मस्कत आणि झांजिबार ही एकाच घराण्याची राज्यं व्हाइसरॉय कॅनिंगने वेगळी केली. त्या 1861 च्या कॅनिंग निवाड्याने झांजिबारने मस्कतला दरसाल 40,000 क्राउन (चांदीची नाणी) द्यायचे ठरले, आणि पुढे ती रक्कमसुद्धा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाऊ लागली. याला दुसरं काय म्हणायचं?

मात्र त्याच झांजिबारात जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. कॉन्सलच्या छत्राखाली आपलेच व्यापारी होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांकडे गुलाम होते. 1858 नंतर कॉन्सल रिग्बीने, हाही मुंबईच्या फौजेतलाच, हिंदी मालकांचे गुलाम हजारोंनी मुक्त केले. त्याचा पगार वाया गेला असं त्या सुटलेल्या माणसांसमोर मी म्हणू शकत नाही. आणि तो दख्खनच्या कुणब्याने का भरावा, हे त्या कुणब्याला समजावूनही सांगू शकत नाही. जेद्दाचंही तेच. ती जागा नसती तर यात्रेकरूंना वाली नव्हता.

1883 मध्ये झांजिबारची कचेरी हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. हे त्याच्याही चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं, असं माझं पूर्वीचं मत. आज मला त्याची तेवढी खात्री नाही. सध्या मी त्या आधीच्या वर्षांचे खर्च पुन्हा वाचतोय, मुन्शींच्या पगारापासून.