पंचवीस लाखच तर जाणार होते!

'कौन बनेगा करोडपती'चे नियम बदलले की आमच्या घरात दोन तट पडतात. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला उरलेलं घर. आत्या हा कार्यक्रम जुलै २००० पासून, म्हणजे स्टार प्लसवर पहिला भाग लागला तेव्हापासून बघते. तिच्या लेखी त्या वेळचे नियम तेच खरे नियम: पंधरा प्रश्न, तीन लाइफलाइन आणि घाई नाही. २०१० ला कार्यक्रम सोनीवर गेला, घड्याळ आलं आणि आत्याची नाराजी सुरू झाली. बच्चनसाहेब त्या घड्याळाला 'टिकटिकी' म्हणोत नाहीतर 'सुईमुई', आत्या त्याला 'मेलं घड्याळ' म्हणते. "विचार करायला वेळ द्यायचा नाही आणि म्हणे ज्ञानाचा खेळ!" वरच्या मोठ्या प्रश्नांना घड्याळ नसतं हे मी तिला किती वेळा सांगितलंय. तिचं म्हणणं, वरपर्यंत पोचू देतील तेव्हा ना.

बाकीच्या बदलांवर आमचं फार वाजत नाही. फोनवरचा मित्र २०१७ पासून व्हिडिओवर दिसायला लागला, ते बरंच झालं. अमेरिकेतल्या मूळ धर्तीच्या कार्यक्रमात २०१० ला ही लाइफलाइन काढूनच टाकली, कारण पलीकडचा मित्र फोन कानाला लावून इंटरनेटवर उत्तर शोधायचा. इथे निदान त्याचे हात कुठे आहेत ते दिसायचं. (आणि त्याच्या मागच्या शोकेसमधली भांडी. आत्या ती बघायची.) २०२१ ला 'फास्टेस्ट फिंगर'मध्ये, म्हणजे खेळायला कोण बसणार ते ठरवणाऱ्या फेरीत, एकाऐवजी तीन प्रश्न आले, तेही मला पटलं. एवढ्या लांबून आलेला माणूस एकाच प्रश्नावर, सेकंदाच्या एका तुकड्यासाठी घरी जाणार, यात कसलं ज्ञान?

खरं रणकंदन झालं ते २०२२ च्या नियमावर. स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं म्हणून बक्षीस साडेसात कोटी केलं आणि ७५ लाखांवर नवा पडाव ठेवला, नाव 'धन अमृत'. त्याआधी एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नाला चुकलात तर धाडकन ३ लाख २० हजारांवर यायचं. त्या पर्वात साडेसात कोटींचा प्रश्न चुकला तरी ७५ लाख हातात राहणार होते. वरवर बघता कुणाला नको वाटेल असा नियम?

त्याच पर्वातली पहिली करोडपती आमच्या कोल्हापूरची निघाली. सप्टेंबरमध्ये कविता चावला एक कोटी जिंकल्या. शिक्षण बारावीपर्यंत, गृहिणी, २००० पासून तिथे पोचण्याचा प्रयत्न चाललेला. सगळं गाव खूश. मग साडेसात कोटींचा प्रश्न आला: गुंडप्पा विश्वनाथनी प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक ठोकलं ते कुठल्या संघाविरुद्ध? चावलाबाईंनी खेळ सोडला आणि एक कोटी घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत एकच वाक्य: "खेळायला पाहिजे होतं की! पंचवीस लाखच तर जाणार होते."

हा 'च' माझ्या डोक्यात गेला. बोलणाऱ्यांपैकी एकानेही पंचवीस लाख एकत्र बघितलेले नाहीत. मीही नाही.

पण मी क्लासमध्ये गणित शिकवतो, त्यामुळे आधी हिशेब. नव्या नियमात चुकलं तर २५ लाखांचा तोटा, बरोबर आलं तर साडेसहा कोटी जास्तीचे. समजा असा डाव २७ जण खेळले. २६ चुकले तर त्यांचे मिळून साडेसहा कोटी गेले, आणि जो एक बरोबर आला त्याने तेवढेच कमावले. फिट्टंफाट. म्हणजे सत्तावीसात एकदा बरोबर येण्याची शक्यता असली तरी डाव तोट्याचा नाही, आणि इथे तर चारच पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एक. बारावीच्या पोरांना फळ्यावर हे करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग बाईंनी सोडलं का?"

गंमत अशी की जुन्या नियमाचा हिशेब केला तरी उत्तर 'खेळा' असंच येतं. तिथे साधारण सातात एक एवढी शक्यता पुरत होती. तरीही तेव्हा एक कोटी घेऊन उठणाऱ्याला कुणी नावं ठेवायचं नाही. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, २०१९ ला एक कोटीवर थांबल्या. अख्ख्या महाराष्ट्रात त्यांना कुणी 'खेळायला पाहिजे होतं' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. सगळे म्हणाले, शहाणी बाई.

याचं उत्तर गणितात आहे, आणि जुनं आहे. डॅनियल बर्नोली नावाच्या गणितज्ञाने १७३८ मध्ये मांडलं की माणूस रुपये मोजत नाही, रुपयांनी आपल्याला काय फरक पडतो ते मोजतो. ज्याच्याकडे पाच लाख आहेत त्याचे दहा झाले तर त्याला जेवढं समाधान, तेवढंच दहाचे वीस होताना. त्याच्या रीतीने, घरात पाच लाखांची शिल्लक धरून आणि उत्तराचा काहीच अंदाज नाही असं धरून मी दोन्ही नियम तपासले. जुन्या नियमात बर्नोली म्हणतो, उठा. कोटीवरून सव्वातीन लाखांवर येणं म्हणजे उद्ध्वस्त होणं. नव्या नियमात तोच म्हणतो, खेळा.

म्हणजे बर्नोलीसुद्धा गल्लीच्या बाजूने. माझी पंचाईत झाली, कारण मला चावलाबाईंचंच बरोबर वाटत होतं.

शेजारचे काका, बँकेतून निवृत्त, त्यांनी मधेच कर काढला. बक्षिसावर ३० टक्के कापूनच पैसे हातात देतात, वर अधिभार निराळा. मग कोटीचे सत्तर, पंचाहत्तरचे साडेबावन्न, म्हणजे जाणार ते पंचवीस नाहीत, साडेसतरा! मी म्हटलं, काका, साडेसात कोटींनाही तीच कात्री लागते, त्यामुळे हिशेब जवळपास जिथल्या तिथे. काका म्हणाले, "साडेसतरा बोलायला हलकं वाटतंय, एवढंच." हे मात्र खरं.

शेवटी आत्यानेच तोडगा काढला. तिला बर्नोली सांगत बसलो नाही. ती लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "अरे, कार्यक्रमाचं नाव काय? बावीस वर्षं बाई करोडपती व्हायचं म्हणून धडपडली. झाली. आता चुकली तर पंचाहत्तर लाखपती होणार. पंचाहत्तर लाखपती म्हणून कोण ओळखतंय?"

हे कुठल्याच सूत्रात बसत नाही. कोटी आणि पंचाहत्तर लाख यांच्यातलं अंतर पंचवीस लाख नाहीच. अलीकडे करोडपती, पलीकडे 'करोडपती झालेली होती, पण'. त्याच पर्वात दिल्लीच्या एका तरुणाने साडेसात कोटींचं उत्तर द्यायचं धाडस केलं, ते चुकलं, तो ७५ लाख घेऊन गेला. रक्कम मोठी आहे, धाडस त्याहून मोठं. पण आमच्या गल्लीत 'खेळायला पाहिजे होतं' म्हणणाऱ्या एकालाही त्याचं नाव सांगता आलं नाही. मी विचारून बघितलं.

म्हणून 'धन अमृत'बद्दल माझी तक्रार आहे, आणि ती बक्षिसाच्या रकमेबद्दल नाही. खाली जाळी बांधली की उडी न मारणारा भित्रा दिसायला लागतो. पूर्वी 'क्विट' म्हणणं हा त्या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय होता. स्टुडिओत टाळ्या पडायच्या आणि घरी बसलेल्या आपल्यालाही हायसं वाटायचं. नव्या पडावाने स्पर्धकाचा धोका कमी केला खरा, पण थांबायची मोकळीकही कमी केली. २०२३ ला परत आलेली 'डबल डिप' लाइफलाइन तर उघडच तशी: दोनदा उत्तर देता यायचं, पण ती घेतली की खेळ सोडता यायचा नाही. ते निदान आधी सांगून करायचे.

इंग्लंडमधल्या मूळ कार्यक्रमात २०१८ पासून एक नियम आहे तो मला आवडतो. तिथे खालचा एक हजार पौंडांचा पडाव ठरलेला, पण वरचा पडाव स्पर्धक स्वतः ठरवतो. पुढचा प्रश्न बघायच्या आधी सांगायचं, या रकमेवर माझी जाळी बांधा. लवकर बांधली तर ती कमी पैशांवर पडते, थांबलात तर तोपर्यंत खाली जवळजवळ काहीच नाही. किती उंचावरून पडायची आपली तयारी आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं, गल्लीने नाही.

आत्याला हे सांगितल्यावर तिने लगेच खुंटा ठोकला. "मग मी पडाव एक कोटीवरच लावीन. साडेसात कोटींचा प्रश्न फुकटच की!"

"हो, पण पन्नास लाखांचा, पंचाहत्तर लाखांचा आणि एक कोटीचा प्रश्न खेळताना खाली फक्त पहिल्या पडावाचे दहा हजार. चुकलीस तर दहा हजार घेऊन कोल्हापूरला परत."

"त्यातले तीस टक्के कापून?"

"दहा हजार हातात देताना कापत नाहीत, पण कर तेवढाच लागतो."

"मग तीन लाख वीस हजारांवर लाव," आत्या म्हणाली, "आणि ते मेलं घड्याळ बंद करायला सांग."