कोजागिरीनंतर दिवेआगर-हरिहरेश्वर: प्रदक्षिणेआधी तिथी बघा

गणपती, पाठोपाठ नवरात्र, मग वर्गणीचा हिशेब आणि मांडववाल्याशी हुज्जत. मंडळात राबणाऱ्यांना खरी मोकळीक मिळते ती दसरा ते वसुबारस एवढीच, म्हणजे जेमतेम सोळा-सतरा दिवस. त्यातले कोजागिरीनंतरचे तीन-चार दिवस दिवेआगर-हरिहरेश्वरसाठी धरा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. दिवाळीची सुट्टी लागली की त्याच खोलीचा भाव दुप्पट होतो आणि किनाऱ्यावर चटई टाकायला जागा उरत नाही.

तिथी धरून जा म्हणण्याचं कारण गर्दीपेक्षा वेगळं आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा.

‘दहा मिनिटांचं काम आहे, कधीही जा,’ असं चहाच्या टपरीपासून खोलीवाल्यापर्यंत सगळे सांगतात. साफ चूक. कालभैरवाच्या देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद घळीतून खड्या पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरायचं आणि डोंगराला वळसा घालून खडकाच्या सपाटीवरून परत यायचं. रमतगमत पाऊण तास लागतो. वरून ती सपाटी ऐसपैस दिसते, पण ती ओहोटीपुरतीच आपली असते. भरतीत लाट मधमाशीच्या पोळ्यासारख्या कोरलेल्या कड्यावर आपटते आणि उलटी फिरते. माणसाला ओढून नेते ती ही उलटी लाट. समोरची दिसते तरी, कड्यावरून परतणारी पाठीमागून येते. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभे राहणारे इथे वाहून गेले आहेत. सूचनाफलक लावलेला आहे. तो शोभेचा नाही.

तर हिशेब असा. तिथीला पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकराला भरती, रात्रीही साधारण तेव्हाच. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा, आणि शंका असेल तर कोळीवाड्यात विचारा. तिथे कुणी ‘कधीही जा’ म्हणत नाही.

कोजागिरीच्या दिवशी ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास येते. तेव्हा अंधार असतो, सूर्य साडेसहाला उगवतो. संध्याकाळची ओहोटी सूर्यास्ताच्या तोंडावर, म्हणजे परतताना पुन्हा अंधार आणि वर चढतं पाणी. दोन्ही वेळा बाद. प्रतिपदेला ओहोटी पावणेसात, द्वितीयेला साडेसात, तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ. हेच ते चार दिवस. ओहोटीच्या तासभर आधी (प्रतिपदेला उजाडल्यावरच) घळ उतरा, पाणी फिरायच्या आत वर या. पुढे अष्टमीला ओहोटी थेट बाराच्या उन्हात, आणि ती भांगेची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर असल्याने पाणी फारसं मागे हटतही नाही. दुपारी देवदर्शन करून ‘आलोच आहोत तर’ म्हणत खाली उतरणं हा सगळ्यात वाईट बेत.

पायांत काय घालायचं यावर वाद होतो. प्रदक्षिणा अनवाणीच करायची असा नेम असेल तर पाळा, पण खडकावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी कापते. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल सगळ्यांत बरे. हिरवं शेवाळ दिसतं तरी. काळं, ओलसर, चकाकणारं जास्त घसरतं. पाय ठेवायचा तो कोरड्या, खरबरीत कातळावर. गुडघेदुखीवाल्यांनी देवळातच थांबावं. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा कालभैरव हा दर्शनाचा क्रम पाळला की त्यांचा वेळही मजेत जातो.

पोहायचं असेल तर हरिहरेश्वरला नको. सावित्रीचं मुख जवळ, आतली ओढ कळत नाही. दिवेआगरचा किनारा सपाट आणि लांबलचक, तिथे भरती चढत असताना कमरेएवढ्या पाण्यापर्यंत ठीक. ओहोटी लागली की बाहेर.

आता वाळूतल्या गाड्या. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, तरी दर सुट्टीला एक तरी रुततेच. ओली वाळू वरून सिमेंटसारखी घट्ट वाटते. गाडी थांबली की चाकाखालचं पाणी बाजूला होतं आणि चाक बसतं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थेट पोटावर. मग ट्रॅक्टर येतो, आणि भरती जशी वर येते तसा त्याचा भावही. सुरुवातीला हजारात बोलणी असतात, पाणी दाराला लागलं की बोलणी संपतात. रुतलीच तर सगळ्यांना उतरवा, चाकांतली निम्मी हवा सोडा, चाकांपुढची वाळू हाताने उकरा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि आल्या चाकोरीनेच मागे घ्या. खाऱ्या पाण्यात भिजलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. त्यापेक्षा ती सुरूच्या बनाअलीकडेच ठेवा ना.

खोली घेताना ‘सुपारीच्या गर्द वाडीत’ असं वाचून भुलू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी झाडं वाढताहेत, पण काही ठिकाणी अजून जुनेच फोटो फिरतात. ह्याच महिन्यातला फोटो मागा. इन्व्हर्टर आहे का तेही विचारा, कारण ऑक्टोबरात दुपारनंतर घाटाकडून ढग गडगडत येतात आणि वीज जाते. वाडीत पाटाचं पाणी फिरतं, म्हणजे डास आलेच.

जेवणाचा दर ठरवताना ‘मासळीचं ताट’ म्हणजे नक्की काय ते आधी बोलून घ्या. ताटाचा भाव बांगड्याचा असतो. सुरमईची तुकडी आणि पापलेट वेगळं लागतं, पापलेट तर आकारावर. बिल बघून वाद घालण्यात अर्थ नाही. उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगितले तरच मिळतात.

कोजागिरीचं दूध किनाऱ्यावर आटवू नका. रात्री अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते, चूल सुरूच्या बनात सरकवावी लागते आणि सुरूच्या वाळक्या पाल्याला ठिणगी पुरते. घराच्या अंगणात आटवा, बारा जणांना अडीच-तीन लिटर पुरे, आणि पातेलं घेऊन किनाऱ्यावर जा.

दिवेआगरचे दोन दिवस झकास जातात, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दिवेआगर ते श्रीवर्धन मात्र शेखाडीवरूनच जा, रस्ता समुद्राला खेटून आहे. मधे फोनला रेंज जाते. मंडळाचा ग्रुप आपोआप गप्प होतो.

येताना पुण्याकडच्यांनी माणगाव-निजामपूर-ताम्हिणी धरावं. डिझेल माणगावातच भरा, घाटात पंप नाही. घाट दुपारी दोनच्या आत ओलांडा, नंतर विजांचा पाऊस गाठतो. मुंबईकरांनी रविवारी संध्याकाळी मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगाव आणि इंदापूरच्या कोंडीचा विचारही करू नये. त्यापेक्षा दिघीहून जंगल जेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) आगरदांड्याला उतरा आणि मुरूड-अलिबागवरून वर जा. मात्र निघण्याआधी शेवटची फेरी किती वाजता ते फोन करून विचारा, आणि खोल ओहोटीला खाली बसकी गाडी जेटीवर चढवताना तिरकी घ्या, नाहीतर बंपर घासतो.