पूल किती लांब ठेवू, असं तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. कुणाची मुलगी जिल्ह्याला पोहते, कुणाचा मुलगा राज्याला निवडला गेलाय. जवळ धड तलाव नाही, रानात जागा पडून आहे, घरचाच पूल बांधावा म्हणतोय. मग ठरलेले प्रश्न येतात. लांबी किती ठेवू? १२ मीटरवर भागेल का? पाण्याचा झोत सोडणारं मशीन मिळतं म्हणे, ते बसवलं तर?

मी तासगावकडचा द्राक्षबागायतदार. इंजिनिअर नाही, कोच नाही. मळ्यात २५ मीटरचा पूल आहे आणि त्यात माझी लेक पोहते, एवढीच माझी पात्रता. फोनवर मी लांबीचं सांगून मोकळा होतो. जे सांगायला हवं ते तेव्हाही मनात असतं, पण तोंडातून निघत नाही. म्हणून आता लिहून देतो.

लांबीचं आधी उरकतो. २५ मीटर. बरा पोहणारा भिंतीला पाय रेटून सुटला की पाच-सहा मीटर पाण्याखालूनच जातो. १२ मीटरच्या हौदात मग राहतं काय? पाच-सहा हात मारले की समोर भिंत. १५०० मीटर पोहायला २५ च्या पुलात ५९ टर्न लागतात, १२ च्या पुलात १२४. तो सराव पोहण्याचा कमी आणि वळण्याचाच जास्त होतो. जागा नसेल तर २० करा. त्याखाली जाणार असाल तर व्यायामासाठी बांधा, स्पर्धेसाठी बांधतोय असं मुलाला सांगू नका.

मशीनचंही सांगतो. समोरून पाण्याचा झोत येतो आणि आपण जागच्या जागी पोहतो. हाताची पद्धत सुधारायला, दुखण्यातून उठल्यावर अंग मोकळं करायला ते कामाचं आहे. पण त्यात भिंत नाही, टर्न नाही, सुटणं नाही. आम्ही त्याचा गरिबाघरचा प्रकार करून बघितला होता. २०२० च्या मार्चपासून सगळे तलाव बंद होते. ठिबकाच्या सहा मीटरच्या हौदात लेकीच्या कमरेला सायकलची ट्यूब बांधून आम्ही तिला पोहायला लावायचो. तेव्हा ती तेरा वर्षांची. त्याच जूनमध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं जाहीरपणे म्हटलं की असंच चालू राहिलं तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत पदक आणणारा माणूस असं बोलतो, तर माझ्या पोरीचं काय, असं मला वाटलं. त्या रात्री मी वहीत पुलाचा पहिला आराखडा काढला.

शेजारी म्हणाले, शेततळं आहे की, त्यात पोहू दे. हा प्रश्न मला अजून विचारतात आणि दर वेळी अंगावर काटा येतो. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, वर गुळगुळीत प्लास्टिक. पोहता येणारा माणूससुद्धा त्यात दमला की वर चढू शकत नाही, पाय घसरत राहतात. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. कृपा करून पोरांना त्यात उतरवू नका. दोर आणि हवा भरलेली ट्यूब तळ्याच्या काठाला कायम बांधून ठेवा, ती वेगळी गोष्ट.

आणि दुष्काळी भागात हे पाण्याचे चोचले कशाला, असं जे तोंडावर म्हणतात त्यांना: माझ्या पुलात लाखभर लिटर पाणी आहे. ते एकदा भरलं की गाळून, क्लोरिन टाकून वर्षानुवर्षं तेच वापरतो. भर उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर उडतं, म्हणजे पाचशे-सहाशे लिटर. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात वीस लाख लिटर मावतं आणि त्यातून किती उडतं ते कुणी विचारत नाही. पण हे उत्तर देताना माझा आवाज चढतो, हेही मला कळतं. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हा हिशेब सांगून उपयोग नसतो.

आता खोलीबद्दल.

माझं सगळं बालपण विहिरीत गेलं. पाठीला भोपळा बांधून चुलत्यांनी आम्हाला ढकललं, चार दिवसांनी भोपळा सुटला. पुढं थारोळ्यावरून सूर मारायचो, मुटके मारायचो. विहीर पन्नास फूट. तिचा तळ आमच्यापैकी एकानंही पाहिला नव्हता. बुडायची भीती आम्हाला शिकवली होती, तळाची भीती कधी कुणी शिकवली नाही. पाण्याला तळ असतो आणि तो माणसाला मारू शकतो, हे माझ्या अंगात मुरलेलंच नव्हतं. हे मी आज सांगतोय. हे कारण आहे की सबब, ते तुम्ही ठरवा.

दिवाळी झाल्यावर खोदाई काढली. नियम मी वाचले होते. स्पर्धेच्या तलावात सुटायचा ब्लॉक, म्हणजे ज्यावरून उडी मारून सुटतात तो चौथरा, असेल तर भिंतीपासून १ मीटरवरून ६ मीटरपर्यंत पाणी किमान १.३५ मीटर खोल हवं. वहीत हा आकडा मी लाल शाईनं गोल करून ठेवला होता. लांबीच्या बाबतीत तर मी मिस्त्रीला सळो की पळो केलं. नियमात २५ मीटरहून किंचित जास्त चालतं, कमी एक मिलिमीटरही नाही. म्हणून दोन्ही टोकांना गिलावा आणि टाइल्सची जाडी आधी सोडून खोदायला लावलं. पोलादी टेपनं तीनदा मोजलं. तळाला काळी पट्टी, भिंतीच्या २ मीटर अलीकडे ती थांबते आणि तिथं आडवी रेघ. ५ मीटरवर उलटं पोहणाऱ्यांसाठी पताकांची दोरी. सगळं तंतोतंत.

साडेचार फुटांवर कातळ लागला. पोकलेनचा दात घासत होता, ठिणग्या उडत होत्या. कंत्राटदार म्हणाला, "दादा, पुढं ब्रेकर लावावा लागणार. तासावर पैसे. साडेचार फूट म्हणजे १.३७ मीटर होतंय की, तुमच्या नियमात बसतंय." मी म्हणालो, "चालेल." माझे साठ हजार वाचले. त्याच आठवड्यात मी आणखी एक बचत केली. दोन्ही लांब बाजूंना ओव्हरफ्लोची नाली करायची होती, म्हणजे पाणी काठाबरोबर राहतं आणि अरुंद पुलात भिंतीवर आपटून लाटा माघारी येत नाहीत. पण त्याला वेगळी टाकी लागते. ती रद्द करून साधा स्किमर बसवला, म्हणजे वरचं पाणी गाळायला ओढून घेणारं भिंतीतलं तोंड. स्किमरच्या पुलात पाणी काठाच्या सहा इंच खाली राहतं.

गणित तुमच्या लक्षात आलं असेल. साडेचार फूट होते ते काठाच्या फरशीपासून. पाण्यापासून चारच फूट. आराखड्यात खोली लिहिली होती, कुठून मोजायची ते लिहिलं नव्हतं. त्या दोन बचती एकमेकीला येऊन मिळाल्या, आणि मला ते दीड वर्ष दिसलं नाही.

एप्रिल २०२२. बोअरचं पाणी आटलं होतं. बागेची खरड छाटणी झालेली, पाण्याचा थेंब न् थेंब वेलींना. पुलात पाणी आणखी चार इंच उतरलं होतं. सुटायचा ब्लॉक मी लोखंडाचा करून घेतला होता, काठापासून ६० सेंटिमीटर. नियमात ब्लॉक पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर उंच असतो. पाणी उतरलं तसा तो आपोआप वाढून पंच्याऐंशी सेंटिमीटर झाला होता. म्हणजे उडी उंचावरून आणि पाणी सव्वा मीटरहून कमी. लेकीनं बोलताना एकदा म्हटलंही होतं, "पप्पा, पाणी कमी वाटतंय." मी म्हणालो, "परवा टँकर सांगतो."

पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या उड्या चालल्या होत्या. माझ्या हातात घड्याळ. आठवी की नववी उडी. तिचा कोन जरा खडा गेला, दमली होती. पाण्यात शिरली आणि एरवी ती पुढं जिथं वर येते तिथं आली नाही. काठाजवळच वर आली, तोंड पाण्यात, हात पसरलेले. घड्याळ चालूच होतं. मी कपड्यानिशी उतरलो, दोन्ही काखांत हात घालून तिला उचलली आणि काठावर ओढून घेतली. कपाळाच्या वर फाटलं होतं. ती शुद्धीवर होती. म्हणाली, "पप्पा, हाताला मुंग्या आल्यात." मला ते रक्तापुढं ऐकूच आलं नाही. तिला बसवली. डोक्याला टॉवेल बांधला. जीपमध्ये मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं, आणि मिरजेपर्यंत मी खड्डे चुकवत गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाण्यातून बाहेर कसं काढलं?" मी सांगितलं. ते माझ्याकडं बघतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मानेच्या मणक्याला बारीक चीर होती, सरकलेली नव्हती. पाण्यात डोकं आपटलं असेल तर माणसाला उताणं करून पाण्यातच तरंगत धरायचं, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवायची, मान वाकू द्यायची नाही आणि फळी येईपर्यंत उचलायचं नाही, असं त्यांनी मला नीट समजावलं. म्हणाले, "सरकली नाही, हे नशीब." तिला बसवताना ती सरकली असती तर, या एका वाक्याभोवती मी चार वर्षं फिरतोय. इजा तळानं केली म्हणावं, तर तळ मी ठेवला होता, आणि वर काढतानाही मीच.

दहा आठवडे गळ्यात कॉलर. मुंग्या चौथ्या दिवशी गेल्या.

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, कितीतरी तलावांत याहून कमी पाण्यात पोरं उड्या मारतात, त्यांना कुठं काय होतं? तो म्हणतो, पूल बांधलाच नसता तर ती शाळा आणि मोबाइल यांतच राहिली असती. मला त्याला खोडता येत नाही. तो म्हणतो, कंत्राटदारानं सांगायला हवं होतं. हे मात्र मी ऐकून घेत नाही. लाल शाईचा गोल माझ्या वहीत होता, त्याच्या नाही.

पुढच्या हिवाळ्यात खोल टोकाचा सात मीटर तळ फोडला. ब्रेकर बारा दिवस चालला. आता तिथं पाण्यापासून १.८ मीटर आहे, दोन्ही बाजूंना ओव्हरफ्लोची नाली आहे. साठ हजार वाचवले होते, साडेतीन लाख गेले. ब्लॉक कापून भंगारात दिला. काठावर फळी आहे, मानेचे पट्टे आहेत, आणि घरातल्या चौघांनाही माणूस पाण्यात कसा धरायचा ते येतं. तुमच्या आराखड्यात ही फळी कुठं टांगायची तेही काढून ठेवा.

लेक परत पाण्यात उतरली. आम्ही कुणी म्हटलं नाही, तीच उतरली. पण फ्रीस्टाइल सोडून ती बॅकस्ट्रोककडं वळली. लोक विचारतात, का? मी सांगतो, तिच्या पोहण्याच्या सरांना तिचे खांदे त्यासाठी चांगले वाटले. हे खरं आहे, सर तसं म्हणाले होते. पण बॅकस्ट्रोक हा एकच प्रकार पाण्यातून सुटतो, उडी मारावी लागत नाही, हेही खरं आहे. तिला मी विचारलं नाही. उघड्या आभाळाखाली उलटं पोहताना सरळ जाता येत नाही, म्हणून तिच्यासाठी पुलाच्या मधोमध, वरून, टोकापासून टोकापर्यंत एक तार ओढून दिली. ती तारेकडं बघत जाते.

या पुलानं तिला काय दिलं, हेही विचारता ना? मीटर दिले. रोज पहाटे गाडीत जाणारे दोन तास वाचवले. काय दिलं नाही, ते मला बालेवाडीत कळलं. तिथला तलाव ५० मीटरचा. पंचविसाव्या मीटरला तिचं अंग भिंत शोधतं, भिंत नसते, आणि पस्तीसच्या पुढं तिची लय तुटते. शिवाय शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी असणं म्हणजे काय, हे तिला स्पर्धेतच कळतं. घरी ती, मी आणि घड्याळ. त्यासाठी आता उन्हाळ्याच्या सुटीत तिला पुण्यात मावशीकडं ठेवतो. म्हणजे पूल बांधूनही पोरगी बाहेर पाठवावी लागलीच. मग बांधलाच कशाला, असं हिची आई एकदा म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं ते आजही नाही.

तर २५ मीटर. पण टेप आधी उभा सोडा, आणि काठावरून नको, पाण्यावरून सोडा. भर उन्हाळ्यात पाणी सर्वांत कमी असेल त्या दिवशी सोडा. कातळ लागला तर ब्रेकरचे पैसे उसने घ्या.

आमच्याकडं कोपऱ्यात एक बांबू उभा असतो, त्यावर लेकीनं स्वतः ऑइलपेंटनं खुणा केल्यात. रोज उतरण्याआधी ती तो बुडवून बघते. मी म्हणतो, १.८ आहे गं, कालच बघितलं मी. ती हो म्हणते, आणि बांबू बुडवते.