प्रार्थनेत आठवण असू द्या

विश्वासी माणसांच्या ओठांवर एक वाक्य सदैव तयार असते : "तुमच्यासाठी प्रार्थना करतो." कोणाचे ऑपरेशन ठरलेले असते, कोणाचा मुलगा नोकरीच्या शोधात थकून गेलेला असतो, कोणाच्या घरात भावाभावांचे बोलणे बंद झालेले असते; काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही आणि निरोप घेताना हे वाक्य तोंडून निघून जाते. हल्ली तेवढेही बोलावे लागत नाही; मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले की भागते. त्या चित्राला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण पाठवणाऱ्याच्या मनात त्या क्षणी खराच कळवळा असतो. पण मैत्रीत दिल्या जाणाऱ्या वचनांत हेच एक वचन असे आहे, की ते पाळले गेले की नाही याचा पत्ता समोरच्याला कधी लागत नाही. उसने घेतलेले पैसे परत आले नाहीत तर कळते, येतो म्हणून सांगून कोणी आले नाही तर कळते. दार लावून केलेली किंवा न केलेली प्रार्थना मात्र एका देवालाच ठाऊक.

माझी एक मैत्रीण आहे. तिला कोणी प्रार्थनेचा विषय सांगितला, की ती आधी प्रश्न विचारते. तपासणी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, आणि भीती नेमकी कशाची वाटते : दुखण्याची, खर्चाची, की एकटे पडण्याची? मग ती पिशवीतून एक लहान वही काढते आणि सांगणाऱ्याच्या देखतच दोन ओळी लिहून घेते. त्या वहीच्या प्रत्येक पानावर उजवीकडे तिने रुंद समास सोडलेला आहे. पुढे काय घडले ते तिथे लिहायचे. पुष्कळ समास कोरेच आहेत, आणि ते कोरे दिसले की ती पुन्हा फोन करते. तिच्याकडे पाहिल्यावर मला वाटते, की मित्रासाठी मागणे मागायचे तर आधी त्याला नीट ओळखावे लागते. "सर्वांना आशीर्वाद दे" ही प्रार्थना खोटी नाही, पण तिच्यात कोणाचाच चेहरा दिसत नाही.

बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायात कफर्णहूममधल्या एका घराची गोष्ट आहे. दारातसुद्धा उभे राहायला जागा नव्हती, म्हणून चौघांनी आपल्या पक्षाघाती माणसाला छपरावर नेले, छप्पर उसकटून वाट केली आणि त्याला बाजेसकट येशूसमोर खाली सोडले. येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असे मार्क लिहितो. बाजेवरचा माणूस या सगळ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्याची आशा त्या दिवशी कितपत उरली होती, कोण जाणे. पण त्याला उचलणाऱ्यांची पुरेशी शाबूत होती. (ते छप्पर नंतर कोणी शाकारले, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. मार्कला तो पडलेला दिसत नाही.)

या वाटेवर एक खड्डाही आहे. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेली गोष्ट हलक्या आवाजात चार घरी फिरते, आणि "त्यांच्यासाठी प्रार्थना करा बरं का" या शेपटामुळे तिला चहाडीही म्हणता येत नाही. प्रार्थनासभेत हे घडते तेव्हा ते बाजारातल्या चहाडीपेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे माणूस आपले दुखणे विश्वासाने उघडे करून बसलेला असतो. बायबलमधला ईयोब हा मुलेबाळे, धन आणि आरोग्य गमावलेला नीतिमान माणूस; त्याच्या मित्रांचेही बोलण्यानेच बिघडले. अलीफज, बिल्दद आणि सोफर आले तेव्हा त्यांनी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून काढल्या. त्याचे दुःख इतके मोठे होते की कोणी चकार शब्द काढला नाही. तिथवर त्यांच्यासारखे मित्र नव्हते. पुढे ते बोलू लागले आणि त्याच्या दुःखाची कारणे त्यालाच समजावून देऊ लागले. शेवटी देवाने त्यांना ईयोबाकडेच पाठवले : तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. ज्याला शब्दांनी सोलून काढले, त्याच्याच मध्यस्थीसाठी त्याच्या दारात उभे राहायचे! आणि ईयोबाने प्रार्थना केली. त्याची स्वतःची दैना फिरली ती त्याने मित्रांसाठी मागितले तेव्हा, असे शास्त्र सांगते.

दुसऱ्यासाठी मागणे एक वेळ जमते. 'माझ्यासाठी प्रार्थना कर,' असे मित्राला सांगणे पुष्कळांना जड जाते. जे इतरांना आधार देतात त्यांना तर फारच. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषित पौलाला हा संकोच नव्हता. रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो वीसपेक्षा अधिक जणांना नावानिशी सलाम सांगतो. त्यांत प्रिस्का आणि अक्विला आहेत, रूफस आहे, आणि रूफसाची आई आहे, जी मलाही आईच, असे तो म्हणतो. त्याच्या थोडे आधी तो कळकळीने विनवतो, की माझ्याबरोबर प्रार्थनेत झटा. मागणीही मोघम नाही : यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी, यरुशलेमेतल्या पवित्र जनांनी, म्हणजे तिथल्या विश्वासी लोकांनी, माझी सेवा गोड करून घ्यावी, आणि मी आनंदाने तुमच्याकडे यावे.

तो रोमला पोहोचला, पण साधारण तीन वर्षांनी, वाटेत जहाज फुटून, आणि कैदी म्हणून. त्याची बातमी लागताच तिथले बंधुजन शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवरच्या अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे गेले. पत्रातल्या यादीतले त्यांत कोण होते, हे लूकने 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकात लिहिलेले नाही. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला, एवढे लिहिले आहे.